घटक ३ : डॉ. ह. धी. सांकलिया – खापरांतून इतिहास वाचणारा संशोधक

३.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• डॉ. सांकलिया यांच्या जीवनकार्याची रूपरेषा सांगता येईल;
• प्राचीन मृद्‌भांडी ओळखण्याची व त्यांचा काळ ठरविण्याची पद्धत स्पष्ट करता येईल;
• या पुराव्याच्या मर्यादा विशद करता येतील.

३.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, उन्हाळ्याच्या तोंडावर माठ विकत घेताना तुम्ही त्यावर टिचकी मारून पाहता. आवाज खणखणीत आला तर माठ नीट भाजला आहे, हे तुम्हाला कळते. पुरातत्त्वज्ञाची परीक्षा येथूनच सुरू होते. अशाच परीक्षेच्या बळावर महाराष्ट्राच्या इतिहासात सुमारे हजार वर्षांची भर घालणाऱ्या संशोधकाचे चरित्र या घटकात आपण पाहणार आहोत.

३.३ जडणघडण

हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. शाळकरी वयात लोकमान्य टिळकांचा आर्यांच्या मूलस्थानाविषयीचा ग्रंथ गुजराती अनुवादातून त्यांच्या हाती पडला. त्यातील फारसे उमगले नाही. मात्र आर्यांचा शोध घेण्याची ओढ मनात रुजली आणि त्यासाठी त्यांनी संस्कृतचा अभ्यास आरंभिला. मुंबईत नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहून ते लंडनला गेले. गुजरातच्या पुरातत्त्वावर त्यांनी तेथे डॉक्टरेट मिळविली. याच काळात मेडन कॅसल येथील उत्खननात मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली थरांचे वाचन करण्याचे शिक्षण त्यांना मिळाले.

१९३९ मध्ये पुण्याच्या पुनरुज्जीवित डेक्कन कॉलेजात ते प्राध्यापक म्हणून रुजू झाले. मराठी ललितलेखनाच्या अभ्यासात तुम्हाला भेटलेल्या इरावती कर्वे तेथेच त्यांच्या सहकारी होत्या. गुजरातमधील लांघणजच्या उत्खननात या दोघांनी एकत्र काम केले.

३.४ जोर्वे आणि नेवासे

त्या काळी महाराष्ट्राचा इतिहास साधारणतः मौर्य-सातवाहनांपासून सांगितला जाई. त्यापूर्वीची म्हणून अश्मयुगीन हत्यारे तेवढी ज्ञात होती. मधला कालखंड रिकामा होता. १९५०-५१ मध्ये सांकलियांनी नाशिक येथे आणि प्रवरेकाठच्या, संगमनेरजवळील जोर्वे या गावी उत्खनन केले. जोर्वे येथे तांबड्या रंगाची, काळ्या रेषांनी नक्षी काढलेली खापरे मिळाली. गाळीव माती, चाकावरची सफाईदार घडण, उत्तम भाजणी, टिचकी मारताच येणारा धातूसारखा नाद, तसेच लांब तोटीची भांडी व मध्ये कोनदार वळण असलेले वाडगे ही त्यांची लक्षणे होत. पुढे अशी भांडी इतरत्रही आढळू लागली आणि त्या संस्कृतीला या लहानशा गावाचे नाव मिळाले.

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरच्या रस्त्याने गोदावरी ओलांडली की प्रवरासंगम लागते. तेथून नेवासे जवळच आहे. ‘ज्ञानेश्वरी’ची जन्मभूमी म्हणून तुम्ही हे गाव ओळखता. तेथील लाडमोड टेकडीवर सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४-५६ आणि १९५९-६१ या काळात उत्खनन केले. वरच्या थरांत मध्ययुगीन वस्तीतील काचेच्या बांगड्या मिळाल्या. त्याखाली सातवाहनकालीन अवशेष, तर आणखी खाली जोर्वे पद्धतीची भांडी होती. घरांच्या जमिनीखाली दोन घट तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले आढळले; त्यांत बालकांचे सांगाडे होते. एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांत दोऱ्याचा अंशही टिकून राहिला होता. खापरांच्या या अभ्यासातून हाती येतो तो अशा माणसांचाच इतिहास, हे येथे ध्यानात घ्यावे.

३.५ काळ कसा ठरतो?

दागिना जपला जातो, तांबे पुन्हा वितळवले जाते. मडके मात्र फुटताच फेकले जाते. खापर कुजत नाही आणि ते कोणी उचलूनही नेत नाही. शिवाय भांड्यांची घाटणी काळानुसार बदलत असते. म्हणून प्रत्येक थरात त्या त्या काळाची खापरे साठून राहतात.

त्यांचे परीक्षण तीन टप्प्यांत होते. प्रथम माती, घडण, भाजणी, आकार आणि नक्षी यांवरून भांड्याचा प्रकार ठरतो. नंतर ते कोणत्या थरात मिळाले हे पाहिले जाते. थर विस्कटलेला नसेल तर खालचे जुने आणि वरचे नवे, असा क्रम लागतो. हा क्रम वर्षांत सांगण्यासाठी तिसरा टप्पा आवश्यक असतो; तो म्हणजे ज्यांचा काळ ठाऊक आहे अशा वस्तूंची जोड. व्हीलर यांनी १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे इटलीतील भांड्यांच्या आधारे स्थानिक खापरांचा काळ निश्चित केला होता. नेवाशाच्या सातवाहन थरांतही रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. जोर्वे काळासाठी नाण्यांचा आधार नव्हता. तेथे कोळशासारख्या जळक्या अवशेषांचे कार्बन-१४ परीक्षण उपयोगी पडले. त्यावरून या संस्कृतीचा काळ सुमारे इ.स.पू. १४०० ते ७०० असा ठरला.

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ पासून झालेल्या उत्खननात हा क्रम अधिक स्पष्ट झाला. तेथे माळवा पद्धतीच्या भांड्यांनंतर जोर्वे भांडी येतात. इ.स.पू. १००० नंतर ती ओबडधोबड होतात आणि चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्या घेतात. वस्तीची उतरती कळा खापरांत उमटलेली दिसते.

३.६ खापराची मर्यादा

जोर्वे व नेवासे येथील तोटीच्या भांड्यांचे इराणमधील भांड्यांशी साम्य सांकलियांना जाणवले. त्यावरून ही माणसे आर्यांशी संबंधित असावीत, असा तर्क त्यांनी मांडला. बालपणीच्या प्रश्नाचे उत्तर हाती आल्यासारखे वाटावे, असा तो क्षण होता. परंतु अनेक संशोधकांनी हा तर्क स्वीकारला नाही. आकाराची उसनवारी व्यापारातूनही होते आणि योगायोगानेही साम्य येते. भांडे केव्हाचे व कसे घडविले हे खापर सांगते. ते हाताळणारा कोणती भाषा बोलत होता, हे सांगत नाही. सांकलियांचा तर्क मागे पडला, तरी त्यांनी लावलेला थरांचा क्रम टिकून राहिला, याचा तुम्ही विचार करावा.

३.७ अखेरचा काळ

१९७३ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या विद्यार्थ्यांची एक पिढी उत्खननाच्या कामात मुरलेली होती.

३.८ सारांश

सांकलियांनी खापरांच्या आधारे महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगाला काळ आणि नाव दिले. प्रकार, थर आणि ज्ञात काळाची जोड ही त्यांच्या पद्धतीची तीन अंगे होत. पुढे कधी पैठणच्या वस्तुसंग्रहालयात गेलात, तर मूर्तींइतकाच वेळ मातीच्या भांड्यांनाही द्या. मात्र पांढरीच्या टेकाडावर दिसलेले खापर उचलून आणू नका. जागा सुटली की त्याची अर्धी साक्ष नाहीशी होते.

३.९ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. जोर्वे मृद्‌भांड्यांची लक्षणे सांगा.
२. थरांचा क्रम कळूनही वर्ष सांगता येत नाही, ते का?
३. सांकलियांच्या आर्यविषयक तर्कातून पुराव्याची कोणती मर्यादा स्पष्ट होते?