फॅरडे आणि ‘आयन’

मायकेल फॅरडे याचा जन्म १७९१ साली लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी झाला. लिहिणे, वाचणे आणि थोडे गणित एवढ्यावरच त्याची शाळा संपली. चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करू लागला. बांधावयास आलेली पुस्तके तो वाचीत असे. पुढे सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्याने टिपणे काढली, ती सुबक बांधली आणि डेव्हींकडे पाठविली. १८१३ साली रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत त्याला मदतनिसाची जागा मिळाली.

१८३१ साली चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करून फॅरडे जगप्रसिद्ध झाला. तथापि त्या काळी शास्त्रीय नावे ग्रीक व लॅटिन भाषांवरून घडवीत, आणि त्या भाषा त्याला कोणी शिकविल्या नव्हत्या.

ही उणीव लवकरच आड आली. द्रावणातून वीज सोडली असता त्याचे घटक वेगळे होऊन दोन टोकांशी जातात, हे तो प्रयोगांत पाहत होता. या टोकांना ‘ध्रुव’ म्हणत. चुंबकाप्रमाणे ती टोके घटकांना ओढून घेतात, असा भास त्या नावामुळे होई. फॅरडेला ते मान्य नव्हते. मित्रांच्या साहाय्याने त्याने काही शब्द जुळविले, पण समाधान होईना. तेव्हा एवढा कीर्तिमान पुरुष, पण १८३४ साली त्याने केंब्रिजचे पंडित विल्यम व्ह्यूएल यांना पत्र लिहून शब्द मागितले.

पृथ्वीभोवती वीज सूर्याप्रमाणे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते असे समजावे, ही फॅरडेची कल्पना होती. तिला धरून व्ह्यूएलांनी वीज शिरते त्या टोकाला ‘ॲनोड’, म्हणजे चढती वाट, आणि ती बाहेर पडते त्या टोकाला ‘कॅथोड’, म्हणजे उतरती वाट, ही नावे सुचविली. सरकणाऱ्या घटकांना त्यांनी ‘आयन’ म्हटले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘जाणारे’. आपल्या ‘उत्तरायण’ शब्दातील ‘अयन’ म्हणजेही जाणे. ग्रीक आणि संस्कृत या बहिणी असल्याने दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे.

फॅरडे १८६७ साली वारला. आयन म्हणजे नेमके काय, हे त्याला कळले नव्हते. १८८७ साली स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियसने असा सिद्धांत मांडला की, मीठ पाण्यात विरघळताच, वीज न सोडताही, त्याचे विद्युतभारित कण सुटे होतात. त्या कणांसाठी नाव तयारच होते.