शेतकऱ्यांनी नाकारलेल्या नांगरातून उभा राहिला उद्योग. कोण होते लक्ष्मणराव किर्लोस्कर?

वस्तू तयार आहे, पण ती घेणार कोण? आज प्रत्येक स्टार्टअपला पडणारा हा प्रश्न लक्ष्मणराव किर्लोस्करांना शंभर वर्षांपूर्वीच पडला होता.

सुरुवात कशी झाली?
२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्म. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण रंगांधळेपणा आड आला. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकून ते व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. बढती डावलल्यावर नोकरी सोडली. बेळगावात भाऊ रामूअण्णांसोबत सायकलचे दुकान आणि छोटा कारखाना चालवला.

नांगर का खपेना?
कडबा कापण्याच्या यंत्रानंतर त्यांनी लोखंडी नांगर बनवला. मात्र लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तंत्र तयार होते, विश्वास नव्हता. तो मिळेपर्यंत नांगर पडून राहिले, पण लक्ष्मणरावांनी माघार घेतली नाही.

किर्लोस्करवाडी कशी वसली?
बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी दिलेल्या ३२ एकर माळरानावर १९१० मध्ये कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड-कोळशाची टंचाई झाली, तरी काम थांबले नाही.

१९५६ मध्ये लक्ष्मणरावांचे निधन झाले. सांगली जिल्ह्यातल्या त्या माळावर आज पंप तयार होतात आणि तिथल्या रेल्वे स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडीच आहे.