जुन्या तंत्राचा किमयागार

अत्याधुनिक तंत्रज्ञानाशिवाय नावीन्य नाही, हा समज खोटा ठरविणारे अभियंते गुनपेई योकोई यांचा जन्म १९४१ साली जपानमधील क्योटो येथे झाला. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेऊन १९६५ मध्ये ते पत्ते बनविणाऱ्या निन्टेन्डो कंपनीत यंत्रांच्या देखभालीसाठी रुजू झाले. फावल्या वेळात त्यांनी केलेला लांबणारा हात अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेस पडला. १९६६ मध्ये तो ‘अल्ट्रा हँड’ नावाने बाजारात आला आणि दहा लाखांहून अधिक खपला.

स्वस्त झालेल्या, पारखलेल्या तंत्राचा अनपेक्षित उपयोग हे योकोईंचे सूत्र होते. कॅल्क्युलेटरच्या पडद्यातूनच १९८० साली ‘गेम अँड वॉच’ साकारला. १९८९ च्या ‘गेम बॉय’चा पडदा रंगीत नव्हता, पण चार पेन्सिल सेलवर तो तासन्‌तास चाले. रंगीत प्रतिस्पर्धी मागे पडले.

१९९५ चा ‘व्हर्च्युअल बॉय’ मात्र सपशेल फसला. पुढच्याच वर्षी योकोईंनी निन्टेन्डो सोडून ‘कोटो’ ही कंपनी काढली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या कल्पनेतील ‘वंडरस्वान’ १९९९ मध्ये अवतरला. त्याला एकच पेन्सिल सेल पुरत असे!