विश्लेषण : केप्लरची ४०० वर्षं जुनी पंचकोनी नक्षी आज प्रकाशाला कशी अडवते?

घरात चौकोनी फरशी बसते, षटकोनीही बसते. पाचही बाजू आणि पाचही कोन सारखे असलेली पंचकोनी फरशी मात्र बसत नाही. तिचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा. तीन फरश्या एका बिंदूपाशी जोडल्या की ३२४ अंश भरतात आणि ३६ अंशांची फट उरते. या फटीचं काय करायचं, हा प्रश्न जोहान्स केप्लरने फार गांभीर्याने घेतला. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे शाळेत शिकवलं जातं, तोच हा केप्लर.

अधू नजरेचा खगोलशास्त्रज्ञ

जर्मनीतल्या वाइल डेर श्टाट गावात २७ डिसेंबर १५७१ रोजी त्याचा जन्म झाला. लहानपणी देवी आल्या आणि नजर कायमची अधू झाली. १६०० मध्ये तो प्रागला टायको ब्राहेकडे गेला आणि टायकोच्या नोंदींवरून त्याने ग्रहांचे नियम शोधले. डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा उलटी पडते, हे त्याने १६०४ च्या प्रकाशावरील ग्रंथात मांडलं. त्याच्या लेखी प्रकाश म्हणजे सरळ जाणारे किरण. लहरींचा सिद्धांत त्याच्यानंतरचा.

१६११ मध्ये हिमकणाला सहाच कोपरे का, यावर त्याने छोटी पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी मुलगा आणि पत्नी दोघंही गेले. पुढच्या वर्षी त्याने प्राग सोडलं आणि तो लिंझला आला.

आईवर चेटकिणीचा आरोप

१६१५ मध्ये त्याची आई कॅथरिना हिच्यावर चेटूक केल्याचा आरोप झाला. फेब्रुवारी १६१८ मध्ये त्याची लहान मुलगी वारली. किचकट ग्रहकोष्टकं बाजूला ठेवून तो विश्वातली सुसंगती शोधणाऱ्या ग्रंथाकडे वळला. १६१९ मध्ये तो ग्रंथ छापून आला. ग्रहांचा तिसरा नियम त्यातलाच, म्हणून बाकीच्या पानांकडे फारसं कुणी पाहत नाही.

त्या पानांत आहे पंचकोनांची नक्षी. उरलेल्या फटीत केप्लरने पाच टोकांच्या चांदण्या बसवल्या, मग दशकोन घातले. तरी काही ठिकाणी दोन दशकोन एकमेकांत घुसवावे लागले. त्या जोडआकृतींना त्याने राक्षस म्हटलं. नक्षी वाढत जाते, पण दर वेळी काही तरी नवं घालावं लागतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

ऑगस्ट १६२० मध्ये आईला अटक झाली. सत्तरी ओलांडलेली बाई साखळदंडात. केप्लर लिंझहून आला आणि बचावाचं काम त्याने स्वतः हाती घेतलं. छळाची हत्यारं दाखवूनही आईने कबुली दिली नाही. ऑक्टोबर १६२१ मध्ये ती सुटली आणि सहा महिन्यांत वारली.

मग प्रकाशाचा संबंध काय?

१९७० च्या दशकात रॉजर पेनरोज यांनी पुनरावृत्ती न होणारी पंचकोनी नक्षी पूर्णत्वाला नेली. १९८२ मध्ये डॅन शेख्टमन यांना ॲल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत तशीच रचना दिसली. हे क्वासीक्रिस्टल. त्यात शिस्त आहे, पण तोच तुकडा ठरावीक अंतराने परत येत नाही. शेख्टमन यांची आधी थट्टा झाली, २०११ मध्ये नोबेल मिळालं.

आता अशीच नक्षी भोकांची समजा. भोकांमधलं अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असेल, तर प्रत्येक भोकावरून थोडी लहर परत फिरते. काही विशिष्ट रंगांसाठी या परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिळून इतक्या बळावतात की तो रंग आत शिरूच शकत नाही. साध्या स्फटिकात ओळींमधलं अंतर दिशेनुसार बदलतं, त्यामुळे अडणारा रंगही बदलतो. एका दिशेने बंद असलेला रंग दुसरीकडून निसटतो. क्वासीक्रिस्टलमध्ये १०-१२ दिशा सारख्या असतात, म्हणून तोच रंग जवळपास सगळीकडून अडतो.

साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी २००० मध्ये सिलिकॉन नायट्राइडमध्ये १२ दिशांची अशी रचना करून सर्व दिशांनी अडवणूक दाखवली. २००५ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने प्लॅस्टिकचं त्रिमितीय क्वासीक्रिस्टल बनवून त्यातून मायक्रोवेव्ह सोडल्या. अडणाऱ्या लहरींचा पट्टा तिथेही बऱ्यापैकी गोलाकार, म्हणजे दिशेची फार पर्वा न करणारा निघाला.

केप्लर १५ नोव्हेंबर १६३० रोजी रेगेन्सबर्गमध्ये वारला. थकलेल्या पगाराची वसुली हेही तिकडे जाण्याचं एक कारण होतं. त्याची कबर तीस वर्षांच्या युद्धात नष्ट झाली.