बिननावाचं फंक्शन आणि चर्चसाहेब

अमीरपेटच्या जावा क्लासमध्ये साहित्याची विद्यार्थिनी मी एकटीच. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला हा क्लास का लावला, ते आमच्या पप्पांना विचारा! क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स इथपर्यंत कसंबसं निभावलं. मग फळ्यावर लॅम्डा आला आणि माझी गाडी अडली. ही ग्रीक अक्षराची भानगड आली कुठून म्हणून शोधायला बसले, तर माणसाचं आडनाव निघालं चर्च. कॅथलिक घरातल्या मुलीला हसू येणारच. (ते स्वतः मात्र जन्मभर प्रेस्बिटेरियन.)

अलोन्झो चर्च यांचा जन्म १४ जून १९०३ चा, वॉशिंग्टनचा. शाळेत असताना एअरगनच्या अपघातात एका डोळ्याची दृष्टी गेली. प्रिन्स्टनला शिकत असताना ट्रॉलीने धडक दिली, हॉस्पिटलात पडून राहावं लागलं, आणि तिथे नर्सिंग शिकणाऱ्या मेरीची ओळख झाली. तिच्याशीच पुढे लग्न. १९२७ ला डॉक्टरेट, दोन वर्षं बाहेर, आणि १९२९ पासून पुन्हा प्रिन्स्टन, आता शिकवायला. व्याख्यानाआधी फळा अगदी लखलखीत धुवून घेणारे सर म्हणून त्यांची ख्याती होती.

सगळ्या गणिताला तर्काचा नवा पाया घालायचा, हा त्यांचा मोठा बेत. १९३२ मध्ये त्यांनी तो मांडला. त्यात फंक्शन लिहायची एक रीत होती: क्ष घ्या, क्षची दुप्पट द्या. या कृतीला नाव देण्याची गरज नाही. काय घ्यायचं ते लॅम्डा सांगतो, की झालं. पण १९३५ मध्ये क्लीनी आणि रॉसर यांनी दाखवून दिलं की या रचनेत अंतर्विरोध आहे. हे दोघं कोण? चर्च यांचेच विद्यार्थी!

हे वाचलं त्या आठवड्यात मी क्लास सोडायच्या बेतात होते. एका टेस्टमध्ये नापास झाले म्हणून. इथे तर अख्खी इमारतच कोसळली होती, आणि तीही आपल्याच पोरांच्या हातून. चर्च यांनी काय केलं? तर्काचा भाग सोडून दिला आणि फंक्शनची ती छोटी रीत तेवढी उचलली. तिच्यात खोट नव्हती. तिच्याच आधाराने १९३६ मध्ये त्यांनी सिद्ध केलं की तर्कातलं कुठलंही विधान सदैव खरं आहे की नाही, हे ठरवून देणारी यांत्रिक पद्धत असूच शकत नाही. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ॲलन ट्युरिंगनेही वेगळ्या वाटेने हेच गाठलं. दुसरा कोणी असता तर हेवा केला असता. ट्युरिंग प्रिन्स्टनला आला, चर्च यांच्याच हाताखाली डॉक्टरेट झाला, आणि त्याच्या कल्पनेतल्या यंत्राला ट्युरिंग मशीन हे नाव दिलं तेही चर्च यांनीच, एका परीक्षणात.

१९६७ मध्ये ते कॅलिफोर्नियाला गेले आणि ८७ व्या वर्षापर्यंत शिकवत राहिले. ११ ऑगस्ट १९९५ ला गेले. जावा जगापुढे आली ती त्याच वर्षीच्या मे महिन्यात. तिच्यात लॅम्डा मात्र नव्हता. नावांची यादी लांबीप्रमाणे लावायची तर तेवढ्यासाठी कंपॅरेटरचा ऑब्जेक्ट घडवा, त्यात मेथड लिहा, पाच-सहा ओळी खर्ची घाला. मार्च २०१४ मध्ये जावा ८ आली आणि हे काम एका ओळीवर आलं: डावीकडे काय घ्यायचं, मधे बाण, उजवीकडे काय द्यायचं. अट एकच, ज्या इंटरफेसच्या जागी हा लॅम्डा बसवायचा, त्यात भरायची राहिलेली मेथड एकच हवी. म्हणजे कंपायलरला कळतं की हे बिननावाचं फंक्शन कोणाच्या घरचं.

काल मी आमच्या मंडळाच्या सभासदांची यादी नावांच्या लांबीप्रमाणे लावली. एका ओळीत. आधी बाण उलटा टाकला म्हणून एरर आली, ते सोडा.