रॉबर्ट टाफ्ट : संपाच्या सीमारेषेवरचा कायदा

कामगार संघटनेचा सभासद असलेला पर्यवेक्षक संपाच्या काळात कामावर गेला, तर संघटनेने त्याला दंड करावा काय? अमेरिकी न्यायालयांना अनेक वर्षे पडलेल्या या प्रश्नाचे मूळ सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांच्या १९४७ च्या कायद्यात आहे.

टाफ्ट यांचा जन्म ८ सप्टेंबर १८८९ रोजी ओहायोतील सिनसिनाटी येथे झाला. वडील विल्यम टाफ्ट हे राष्ट्राध्यक्ष आणि पुढे सरन्यायाधीश झाले. येल व हार्वर्ड येथे शिकलेले रॉबर्ट १९३९ मध्ये सिनेटमध्ये दाखल झाले.

महायुद्ध संपताच अमेरिकेत संपांची लाट उसळली. १९४६ मध्ये संपकरी रेल्वे कामगारांना सक्तीने सैन्यात भरती करण्याचा अध्यक्ष ट्रुमन यांचा प्रस्ताव आला, तेव्हा संघटनांचे टीकाकार असूनही टाफ्ट यांनीच त्यास विरोध केला. सरकारची सक्ती त्यांना मान्य नव्हती, तशीच संघटनांचीही.

मार्च १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॅकार्ड मोटार कंपनीच्या फोरमनना संघटनेचा हक्क दिला. त्याच वर्षी टाफ्ट आणि हार्टले यांच्या कायद्याने पर्यवेक्षकांना कामगाराच्या व्याख्येतून वगळले. त्यांना सभासद राहण्याची मुभा राहिली, परंतु वाटाघाटी आणि तक्रार निवारणासाठी मालकाने निवडलेल्या प्रतिनिधीबाबत संघटनेने मालकावर दबाव आणण्यास मनाई झाली. ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला. २३ जून रोजी सिनेटने तो ६८ विरुद्ध २५ मतांनी झुगारला. संघटनांनी या कायद्याला गुलामगिरीचा कायदा ठरविले. तरीही १९५० मध्ये ओहायोच्या मतदारांनी टाफ्ट यांना चार लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून दिले.

राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मात्र तीनदा हुकली. जानेवारी १९५३ मध्ये ते सिनेटमधील बहुमताचे नेते झाले. ३१ जुलै रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कायद्याची मर्यादा पुढे न्यायालयाने आखली. संपात सामान्य कामगारांचे काम करणाऱ्या पर्यवेक्षक सभासदाला संघटना दंड करू शकते, असा निकाल १९७४ मध्ये लागला. १९७८ मध्ये पटकथा लेखकांच्या संघटनेविरुद्धच्या खटल्यात, केवळ पर्यवेक्षणाचेच काम करणाऱ्यांवरील कारवाई बेकायदा ठरली. दोन्ही निकाल पाच विरुद्ध चार मतांचे होते. टाफ्ट यांनी आखलेली रेषा किती नाजूक होती, हे त्या एकेका मताने दाखवून दिले.