शुक्रजंतू हिमात ठेवणारा धर्मगुरू

मांगूर माशाचे बीज तयार करताना मत्स्यबीज केंद्रात एक अडचण नेहमी येते. मादीला संप्रेरकाचे इंजेक्शन दिले की तिच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढता येतात. नराचे वीर्य मात्र असे सहजी मिळत नाही. बहुधा नर मारून, त्याचे वृषण बाहेर काढून, ते कुस्करून वीर्य मिळवावे लागते. त्यामुळे चांगल्या नराचे वीर्य उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवण्याच्या तंत्राला महत्त्व आले आहे. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोमध्येही माशांचे वीर्य गोठवण्यावर संशोधन झाले आहे. या तंत्राचा उगम शोधू गेल्यास अठराव्या शतकातील इटलीत, लाझारो स्पालान्झानी या धर्मगुरूच्या प्रयोगशाळेपर्यंत जावे लागते.

उत्तर इटलीतील स्कँडियानो या गावी १२ जानेवारी १७२९ रोजी स्पालान्झानी यांचा जन्म झाला. वडील वकील होते. मुलानेही तोच व्यवसाय करावा, या हेतूने त्यांना बोलोन्या विद्यापीठात कायद्याच्या अभ्यासासाठी पाठवण्यात आले. तेथे त्यांची नात्यातील बहीण लॉरा बासी भौतिकशास्त्राची प्राध्यापक होती. स्त्रियांना विद्यापीठाचे दरवाजे बंद असण्याच्या त्या काळात तिने मिळवलेले हे स्थान अपूर्व होते. तिच्या सहवासात स्पालान्झानी कायद्यापासून दूर आणि निसर्गविज्ञानाच्या जवळ गेले. पुढे त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली; पण त्यांचे आयुष्य अध्यापनात आणि प्रयोगांतच गेले. रेजिओ व मोदेना येथे शिकवल्यानंतर १७६९ मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या राजवटीत त्यांची पाविया विद्यापीठात निसर्गेतिहासाच्या अध्यासनावर नेमणूक झाली. अखेरपर्यंत ते तेथेच राहिले.

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही आणि एक प्रयोग पुरेसा मानायचा नाही, हा त्यांचा स्वभाव होता. सडक्या रसात सूक्ष्म जीव आपोआप उत्पन्न होतात, असे नीडहॅम आणि ब्यूफाँ हे तत्कालीन नामवंत सांगत होते. स्पालान्झानी यांनी काचेच्या कुप्यांची तोंडे ज्योतीवर वितळवून बंद केली, आतील रस बराच वेळ उकळला आणि अशा कुपीत जीव दिसत नाहीत, हे १७६५ मध्ये दाखवून दिले. लुई पाश्चर यांनी या वादावर पडदा टाकला, तो त्यानंतर सुमारे शतकाने.

१७७६ मध्ये त्यांचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात वीर्यातील सूक्ष्म जीवांची निरीक्षणे होती. हिमात ठेवलेल्या वीर्यातील हे जीव हळूहळू मंदावत निश्चल झाले. ऊब मिळताच त्यांची वळवळ पुन्हा सुरू झाली. थंडीने थांबलेले जीवन मृत झालेलेच असते असे नाही, ही वीर्य साठवण्याच्या विद्येतील पहिली पायरी येथे चढली गेली.

त्यापुढचे त्यांचे प्रयोग अधिक धाडसी होते. बेडकाची मादी पाण्यात अंडी सोडते तेव्हा नर नेमके काय करतो, हे तपासण्यासाठी त्यांनी नर बेडकांना तलम कापडाच्या छोट्या विजारी घातल्या. अंडी वांझ राहिली. विजारीत अडकलेला द्रव त्याच प्रकारच्या अंड्यांना लावताच बेडूकमासे जन्मले. वीर्याच्या वाफेनेच फलन होते, असाही एक मतप्रवाह तेव्हा होता. वीर्यावर अंडी टांगून ठेवून त्यांनी तो खोटा ठरवला. प्रत्यक्ष स्पर्श झाल्याशिवाय अंडे फलित होत नव्हते. नंतर त्यांनी शरीराइतक्या उबदार पिचकारीने एका कुत्रीच्या गर्भाशयात वीर्य सोडले. ६२ दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. हे सारे १७८० मध्ये प्रसिद्ध झाले.

याच मालिकेत त्यांनी वीर्य गाळणकागदातून गाळून पाहिले. खाली उतरलेला द्रव अंडी फलित करू शकला नाही. कागदावर उरलेला साका मात्र करू शकला. शुक्रजंतू त्या साक्यातच होते. उत्तर त्यांच्या हाती होते, पण ते त्यांना वाचता आले नाही. अंड्यात भावी प्राणी सूक्ष्म रूपाने आधीच तयार असतो आणि वीर्यातील द्रव त्याला केवळ जागे करतो, या मताचे ते होते. वळवळणारे जीव त्यांच्या दृष्टीने वीर्यात राहणारे परोपजीवी होते. इतरांच्या समजुती निर्दयपणे तपासणाऱ्या या संशोधकाला स्वतःची समजूत मात्र सोडता आली नाही. १८२४ मध्ये प्रेव्हो आणि द्यूमा यांनी गाळण्याचे प्रयोग पुन्हा केले, तेव्हा त्यांचा खरा अर्थ उलगडला.

व्यक्ती म्हणून स्पालान्झानी यांना शत्रूही लाभले. १७८५ मध्ये ते कॉन्स्टँटिनोपलच्या प्रवासाला गेले असताना, विद्यापीठाच्या संग्रहालयातील नमुने चोरल्याचा आरोप सहकाऱ्यांनी त्यांच्यावर केला. चौकशीअंती ते निर्दोष ठरले. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी व्हेसुव्हियस आणि एटना हे ज्वालामुखी पालथे घातले. दृष्टी नसलेली वटवाघळे अंधारात अडथळे कशी चुकवतात, हा प्रश्न त्यांना अखेरच्या वर्षांत छळत होता. त्याचे उत्तर १९३८ मध्ये, श्राव्यातीत ध्वनीच्या शोधानंतर मिळाले. ११ फेब्रुवारी १७९९ रोजी पाविया येथे त्यांचे निधन झाले.

हिमाने शुक्रजंतू थांबतात, पण खोल गोठवले की पेशीत बर्फाचे स्फटिक होऊन त्या फुटतात. हा अडथळा दूर व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. ब्रिटनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरॉल मिसळून कोंबड्याचे वीर्य गोठवले आणि जिवंत परत मिळवले. १९५३ मध्ये ब्लॅक्स्टर यांनी हेरिंग माशावर तोच प्रयोग केला. वसंतात आणि शरदात अंडी घालणाऱ्या हेरिंगच्या दोन गटांचा संकर त्यांना हवा होता. दोन ऋतूंमधले अंतर गोठवलेल्या वीर्याने बुजवले.

गोड्या पाण्यातील माशांचे शुक्रजंतू पाण्याचा स्पर्श होताच जागे होतात आणि मिनिट-दोन मिनिटांत त्यांची शक्ती संपते. म्हणून मांगूरचे वीर्य आधी क्षारांच्या द्रावणात झोपलेलेच ठेवावे लागते, मग संरक्षक रसायन मिसळून गोठवावे लागते. वितळवल्यावर ते अंड्यांवर पसरून पाणी घातले की फलन होते. मारलेल्या एका नराचे वीर्य मग एकाच दिवशी वाया न जाता अनेक माद्यांच्या कामी येते. हिमात निपचित पडलेले जीव उबेने पुन्हा हालताना स्पालान्झानी यांनी पाहिले, तेव्हा त्यांना ते परके प्राणी वाटले होते. त्यांचा निष्कर्ष काळाने पुसून टाकला. त्यांनी काळजीपूर्वक लिहून ठेवलेले निरीक्षण मात्र टिकले.